परदेशांतला पेला आणि घरची जीभ

परदेशीं राहणाऱ्या आपल्या माणसांची खुशाली विचारतांना आपण थंडीविषयीं विचारतों, भाजी कोणती मिळते तें विचारतों, पगाराविषयीं आडवळणानें विचारतों. मात्र एक प्रश्न ओठांपर्यंत येऊन परत फिरतो. तो प्रश्न पेल्याचा. 'तिकडे गेल्यापासून घेतो का ग तो?' हें सासू सुनेला विचारीत नाहीं आणि बाप मुलाला विचारीत नाहीं. घरांतील वडील माणसें या बाबतींत जेवढीं गप्प तेवढींच जागीं असतात.

माझ्यापुरतें या प्रश्नाचें उत्तर मी आज छापूनच देतों. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून, साथीचीं दोन वर्षें सोडलीं तर, दर उन्हाळ्यांत तीन महिने माझा व सौभाग्यवतीचा मुक्काम जर्मनींत असतो. चिरंजीव तेथें एर्लांगेन नांवाच्या शहरीं अभियंता आहेत. हें शहर न्यूर्नबर्गच्या उत्तरेस, फ्रँकन प्रांतांत. तेथें मीं बीअर चाखली आहे, वाईन चाखली आहे, आणि दोहोंच्या बाबतींत माझ्या आवडीनिवडी आतां इतक्या ठरून गेल्या आहेत कीं, सूनबाई दुकानांत मला न विचारतां बाटली उचलते. साठी उलटल्यावर माणसाला नवी आवड लागावी, ही गोष्टच मला प्रथम नवलाची वाटली. पुढें विचार करतां असें दिसलें कीं, आवड नवी नव्हेच. जी जीभ त्या पेल्यांचा निवाडा करीत होती ती आमच्या आईच्या स्वयंपाकघरांत तयार झालेली होती. तिनें तिकडे जें पसंत केलें आणि जें नाकारलें, तें सर्व घरच्या ओळखीवर.

शास्त्राची बाजू आधींच सांगून टाकतों, म्हणजे ती मला पत्रानें कळविण्याचे श्रम कोणाला पडावयाचे नाहींत. मनुस्मृतींत सुरेचे तीन प्रकार सांगितले आहेत : गुळाची गौडी, पिठाची पैष्टी आणि मोहाच्या फुलांची, कोणाच्या मतें मधाची, माध्वी, आणि तिन्ही वर्ज्य ठरविल्या आहेत. मिताक्षरेंत 'सुरा' शब्दाचा मुख्य अर्थ पैष्टी हाच घेतलेला आहे. बीअर जवाची, म्हणजे धान्याची. तेव्हां धर्मशास्त्राच्या दृष्टीनें पाहतां बीअरचें पातक द्राक्षाच्या मद्याहून जड, ही गोष्ट बीअरला 'साधी' समजणाऱ्या आमच्या तरुण मंडळीनें ध्यानांत ठेवावी. दुसऱ्या बाजूस, कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत सुराध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. द्राक्षांच्या रसाच्या मद्याला तेथें 'मधु' म्हटलें असून, तें जेथून येई त्या प्रदेशांवरून त्याला कापिशायन व हारहूरक अशीं नांवें दिलीं आहेत. कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचें हल्लींचें बेग्राम. अर्धी मात्रा वांचली तरी ज्यांना पुत्र झाल्याचा आनंद होतो, त्या वैयाकरणांच्या मुकुटमण्यानें, पाणिनीनें, कापिशीपासून हा शब्द कसा साधावा यासाठीं एक संबंध सूत्र खर्चिलें आहे. चरकसंहितेंत मदात्ययाच्या प्रकरणांत मद्य कसें व कशाबरोबर घ्यावें, आणि अविधीनें घेतल्यास काय होतें, याचें सविस्तर विवेचन आहे. यांतून मला पळवाट काढावयाची नाहीं; निषेध आहे तो आहेच. परंतु निषेध करणारे काय आणि वर्णन करणारे काय, दोघांनींहि त्या वस्तूचें नांव स्वच्छ घेतलें आहे. 'तें' आणि 'तसलें' म्हणून वेळ मारून नेलेली नाहीं.

आपल्याकडे रस सहा : मधुर, अम्ल, लवण, कटु, तिक्त व कषाय. वर्गांत मला दर वर्षीं एक गोष्ट फळ्यावर लिहावी लागे. संस्कृतांतील 'कटु' म्हणजे मिऱ्याचा, आल्याचा तिखटपणा, आणि कडुलिंबाचा कडूपणा तो 'तिक्त'. मराठीनें 'कडू' हा शब्द घेतला 'कटुक' यावरून, पण अर्थ घेतला 'तिक्त' याचा. मुलें हटकून गोंधळत. बीअरचा पहिला घोट जिभेवर आला तेव्हां माझ्या मनांत प्रथम आलें तें हेंच कीं, याला तिक्त म्हणावयाचें, कटु नव्हे. मास्तरकीची खोड निवृत्तीनंतरहि निवृत्त होत नाहीं. तांबडी वाईन जिभेला आंतून आवळते, जांभूळ किंवा हिरडा खाल्ल्यासारखी. ती कषाय, म्हणजे आपली तुरट. पांढरी बहुधा अम्ल. वाईनवर लिहिणारे युरोपियन पंडित पेल्यांत चामडें, तंबाखू, पावसांत भिजलेला दगड असे नाना पदार्थ हुंगतात. मला आपले सहा रस पुरले.

बीअरचा कडूपणा येतो हॉप नांवाच्या वेलीच्या फुलांपासून. न्यूर्नबर्गच्या दक्षिणेस श्पाल्ट गांवाभोंवतीं या वेली उंच खांबांवर आणि तारांवर चढविलेल्या मीं पाहिल्या आहेत. पानवेलीच्या मळ्याची आठवण व्हावी, फक्त उंची तिप्पट-चौपट. या फुलांनीं कडूपणा येतो तसा टिकाऊपणाहि येतो. बव्हेरियाच्या ड्यूकनें १५१६ सालीं एक फर्मान काढलें कीं, बीअरमध्यें जव, हॉप व पाणी यांवांचून दुसरें कांहीं घालूं नये. त्या फर्मानाचा जर्मन लोकांना मोठा अभिमान. आमच्या जवळच्या बांबेर्ग गांवचे लोक मात्र आपल्या बिशपनें असाच नियम १४८९ सालींच घातला होता, हें सांगितल्यावांचून राहत नाहींत. गमतीची गोष्ट अशी कीं, १५१६ च्या त्या यादींत किण्वाचें नांवच नाहीं, आणि किण्वावांचून तर बीअर होतच नाहीं. मला याचें मुळींच आश्चर्य वाटलें नाहीं. आमची आजी विरजणाची वाटी जिवापलीकडे जपे. पण दह्यांत काय काय घातलें, असें विचारलें तर 'दूध' एवढेंच सांगे. तेथील भट्टीवालेहि मागच्या खेपेचा गाळ पुढच्या खेपेला लावीत असत. तो गाळ सजीव आहे आणि त्यांतच सगळी करामत आहे, हें पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या संशोधनानें स्पष्ट झालें. त्याचा बीअरवरील ग्रंथ १८७६ चा.

आतां बांबेर्गचें नांव निघालेंच आहे, तर माझ्या सर्वांत आवडत्या पेल्याविषयीं लिहितों. एर्लांगेनहून आगगाडीनें उत्तरेकडे सुमारें अर्ध्या तासावर हें सात टेकड्यांचें जुनें गांव आहे. तेथें धुराची बीअर मिळते. जव भिजवून त्याला मोड आणावयाचे आणि मग ते वाळवावयाचे, ही बीअरची पहिली पायरी. आपल्याकडे नाचणीला मोड आणून वाळवितात व दळून सत्त्व करितात, त्यांतलीच रीत. पूर्वीं हें वाळविणें विस्तवावर होई आणि धूर दाण्यांत शिरे. म्हणजे एके काळीं युरोपांतील पुष्कळशा बीअरला धुराचा थोडाफार वास असावयाचाच. पुढें धूर दाण्याला न लागूं देणाऱ्या भट्ट्या निघाल्या आणि तो वास गेला. बांबेर्गमधील दोन जुन्या भट्ट्यांनीं, श्लेंकर्ला व श्पेत्सियाल यांनीं, मात्र बीच वृक्षाच्या लांकडावर दाणा वाळविण्याचें सोडलें नाहीं. पहिलीचा उल्लेख १४०५ पासून सांपडतो, दुसरीचा १५३६ पासून. श्लेंकर्लाचें घर कॅथीड्रलच्या पायथ्याशीं एका अरुंद गल्लींत आहे. लांकडी पिंपाला तोटी ठोकून तेथें पेला भरून देतात. बीअर काळसर तांबूस, वर तपकिरी फेंस.

प्रवासी लोक पहिल्याच घोटाला पेला खालीं ठेवून एकमेकांकडे पाहतात. धुरी दिलेल्या डुकराच्या मांसाची आठवण होते, असें प्रवासाच्या पुस्तकांतून लिहिलेलें असतें. मीं तें मांस जन्मांत खाल्लेलें नाहीं. मला आठवलें तें वांग्याचें भरीत. निखाऱ्यावर भाजलेलें वांगें सोलतांना बोटांना राहणारा वास, पहांटे न्हाणीचा बंब पेटल्यावर परसांत पसरणारा धूर, आजोळीं ओल्या लांकडांनीं चूल धुमसली म्हणजे धुरकटून जाणारें दूध, जें आम्हीं नाक मुरडून प्यावें आणि आज ज्यासाठीं जीव तळमळावा. हें सर्व त्या परक्या गांवच्या गल्लींत, मातीच्या पुटाखालीं राहिलेल्या विस्तवासारखें एकदम वर आलें. तेथील लोक म्हणतात कीं, ही बीअर तिसऱ्या पेल्यानंतर आवडूं लागते. मला पहिल्या घोटाला आवडली. तिसऱ्या पेल्याचा प्रसंग आला नाहीं.

फ्रँकन लोकांची आणखी एक गोष्ट मला फार भावली. ते 'तळघरांत जाऊं' म्हणत नाहींत, 'तळघरावर जाऊं' म्हणतात. बीअर सावकाश आंबावयाला व मुरावयाला गारवा लागतो. तो उन्हाळ्यांत मिळावा म्हणून टेकड्या पोखरून लांबच लांब तळघरें केलीं, आणि त्यांवर सांवलीसाठीं मोठालीं झाडें राखलीं. लिंडे या जर्मन शास्त्रज्ञाचें थंडावा करण्याचें यंत्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटल्या पादांत आल्यावर तळघरांची गरज सरली, झाडें व त्यांखालचीं बाकें राहिलीं. या बाकांवर बसून बीअर तेथलीच घ्यावयाची, पण अन्न पुष्कळ ठिकाणीं आपलें घरचें नेलें तरी चालतें. या चालीचें मूळ बव्हेरियाच्या राजाच्या १८१२ च्या एका हुकुमांत आहे. म्यूनिकच्या भट्टीवाल्यांना तळघरापाशीं बीअर विकण्याची मोकळीक हवी होती, आणि खाणावळवाल्यांना आपलें गिऱ्हाईक बुडण्याचें भय होतें. तेव्हां राजानें निवाडा केला कीं, भट्टीवाल्यांनीं बीअर व पाव विकावा, दुसरें अन्न विकूं नये. मग लोक शिदोरी बांधून येऊं लागले. आज तेथें अन्नहि विकतात, पण शिदोरीचा हक्क उरला आहे. आमची सौभाग्यवती दशम्या, दाण्याची चटणी व काकडीची कोशिंबीर घेते आणि स्वतः सफरचंदाच्या रसांत सोडा घालून पिते. शेजारच्या बाकावर आजी असते, तान्हें मूल असतें, कधीं गांवचा पाद्री असतो. पेला मेजाच्या मध्यभागीं, सर्वांच्या देखत उभा असतो. त्या देशांत व्यसन नाहीं असें मात्र कोणीं समजूं नये. एर्लांगेनला व्हिटसनच्या सणांत टेकडीवर बारा दिवस जत्रा भरते, १७५५ पासून. तेथें रात्रीं परतणाऱ्या तरुणांची अवस्था पाहून माझी मान अनेकदां खालीं गेली आहे. दुपारचें बाक आणि रात्रीची जत्रा एकाच टेकडीवर आहेत.

सर्वांना आवडणारी आणि मला मुळींच न सोसणारी बीअर म्हणजे गव्हाची. उंच, कमरेशीं निमुळत्या पेल्यांत ती गढूळ सोन्यासारखी दिसते. तिला पिकल्या केळ्याचा व लवंगेचा वास येतो. केळें किंवा लवंग त्यांत कोणी घालीत नाहीं. तो सगळा किण्वाचा प्रताप. भारतांतून येणारे पाहुणे तिच्यावर खूष होतात, कारण कडूपणा कमी. केळ्याला माझी हरकत नाहीं, शिकरण मला प्रिय आहे. अडतें तें लवंगेपाशीं.

आईचा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त आमच्याकडेच राहत असे. कचेरींत कारकून, अक्षर मोत्यांसारखें, पेटी उत्तम वाजवी. साठीच्या दशकांतील ही गोष्ट. १९४९ च्या कायद्याची दारूबंदी तेव्हां होती, आणि मामा संध्याकाळीं गल्लीच्या मागल्या अंगानें कोठें जातो हें आम्हां मुलांना ठाऊक नव्हतें. परत येई तेव्हां त्याच्या तोंडाला लवंगेचा वास येई. आम्ही त्याला लवंगमामा म्हणत असूं. एकदां त्या नांवावरून आईनें धाकट्या बहिणीला फाडकन् मारिलें. कां, तें आम्हांपैकीं कोणालाच कळलें नाहीं. १९६९ सालीं मामा गेला, वय एकेचाळीस. पोटाचा विकार होता, असें येणाऱ्याजाणाऱ्याला सांगण्यांत आलें, आणि तें एका अर्थीं खरेंहि होतें. त्याच्यावर कोणी रागावलें, त्याला कोणी समजाविलें, वैद्याकडे नेलें, असें माझ्या आठवणींत एकदांहि नाहीं. तसें करावयाचें तर ती गोष्ट घरांत आहे असें आधीं तोंडानें म्हणावें लागलें असतें. आई त्यानंतर सदतीस वर्षें जगली. तिनें तो शब्द त्याच्या नांवाशेजारीं कधींच ठेवला नाहीं. लवंग न घालतां लवंगेचा वास देणारा तो पेला मीं दोनदां हातांत घेतला आणि दोनदां खालीं ठेवला. त्यांत बिचाऱ्या गव्हाचा कांहीं दोष नाहीं.

वाईनचें प्रकरण मोकळ्या मनाचें आहे. एर्लांगेनच्या पश्चिमेस, माइन नदीच्या कांठीं व्यूर्त्सबुर्ग आहे. तेथील दोन धर्मादाय संस्था द्राक्षमळ्यांच्या मोठ्या मालक आहेत. बुर्गरश्पिटाल ही चौदाव्या शतकाच्या आरंभीं म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या व निराधारांच्या सोयीसाठीं निघाली. युलियुसश्पिटाल ही १५७६ सालीं युलियुस एख्टर या बिशपनें रुग्णांसाठीं, गरिबांसाठीं व अनाथांसाठीं स्थापिली. खर्च चालावा म्हणून त्यांना जमिनी व मळे लावून दिले होते, आपल्याकडे देवस्थानांना इनामें असत तसे. आजहि त्यांचे मळे चालू आहेत आणि उत्पन्न धर्मादायाकडे लागतें. म्हाताऱ्यांच्या सोयीसाठीं काढलेल्या मळ्याची वाईन एका म्हाताऱ्यानें घ्यावी यांत औचित्यभंग नाहीं, असें मीं सौभाग्यवतीला समजाविलें. तिनें 'बरं' म्हटलें, तें मान्य केल्याचें 'बरं' नव्हतें.

तेथलें मुख्य द्राक्ष सिल्वानर. ऑस्ट्रियांतून आणून तें फ्रँकनमधील कास्टेल येथें १६५९ सालीं लाविल्याची नोंद आहे. ही वाईन चपट्या, पोटाळ बाटलींत भरतात. मुक्कामाच्या उतारूनें कमरेला बांधावा तसा तो आकार. जिच्यांत साखर जवळजवळ उरलेली नसते तिला तेथें 'कोरडी' म्हणतात, आणि फ्रँकन लोकांचा कोरडेपणा इतर जर्मनांहून कडक : लिटरमागें चार ग्रॅमच्या आंत. सिल्वानर स्वभावानें शांत आहे. आंबटपणा आहे पण तो लिंबाचा नव्हे, कच्च्या सफरचंदाचा. व्यूर्त्सबुर्गच्या जुन्या पुलावर संतांच्या दगडी पुतळ्यांखालीं उभें राहून लोक ती सायंकाळीं पितात. त्या गांवच्या १५४० सालच्या वाईनची एक बाटली १९६१ सालीं लंडनमध्यें उघडली, तेव्हां तिच्यांत घोटभर जीव होता आणि वारा लागतांच तो गेला, असें ती चाखणाऱ्यांनीं लिहून ठेविलें आहे. चारशें एकवीस वर्षें! आमचें लोणचें तीन वर्षें टिकलें तर आम्ही शेजाऱ्यांना बोलावून दाखवितों.

वरण, भात, तूप आणि लिंबू यांबरोबर सिल्वानर उत्तम. परंतु चिंचगुळाची आमटी असेल तर ती बिचारी फिकी पडते, गूळ तिला खाऊन टाकतो. आमटीला लागते मोझेल नदीकांठची रीसलिंग, तीहि 'काबिनेट' नांवाची हलकी, थोडी साखर राखलेली. मद्यांश आठ-नऊ टक्के, आंबट आणि गोड दोन्ही ठसठशीत. डोळे मिटून प्यालों तर पन्ह्याच्या चुलत घराण्यांतील वाटावी. गोडा मसाला घातलेल्या आमटीसमोर ती तोंड वर करून उभी राहते. तांबड्या वाईनशीं माझें सूत जमलें नाहीं. तिखट भाजीवर तिचा तुरटपणा दुप्पट होतो आणि जेवण सुपारीनें सुरू झाल्यासारखें वाटतें. तिच्या भक्तांनीं मला क्षमा करावी. त्यांचें जेवण निराळें आहे.

यंदा नातू सोळा वर्षांचा झाला. जर्मन कायद्यानें सोळाव्या वर्षीं बीअर व वाईन विकत घेतां येते, कडक मद्याला अठरा लागतात. वर्गांतील मुलें टेकडीवरच्या जत्रेला जावयाचीं होतीं. सूनबाईचें म्हणणें, सरळ नाहीं म्हणावें. चिरंजीवांचें म्हणणें, विषयच काढूं नये, मुलगा शहाणा आहे. दोघेहि माझ्याकडे पाहूं लागलीं, आणि मला आमचें जुनें माजघर दिसूं लागलें. मीं नातवाला बसवून मामाची गोष्ट सांगितली. लवंगेसकट. चिरंजीवांना आजवर एवढेंच ठाऊक होतें कीं, आजीचा एक भाऊ पेटी वाजवीत असे. ते उठून खिडकीपाशीं गेले. नातवानें एकच विचारलें, "त्यांना कोणी विचारलं कसं नाही, आजोबा?" मीं म्हटलें, विचारण्याची पद्धत नव्हती. त्याला तें उत्तर पटलें नाहीं, हें त्याच्या तोंडावर दिसलें. मग मीं त्याला माझे नियम सांगितले, उपदेश म्हणून नव्हे, माहिती म्हणून. आठवड्यांतून फार तर दोनदां, एकच पेला, जेवणाबरोबर, आणि घरांतलें कोणीतरी मेजावर असेल तरच. श्रावणांत व एकादशीला नाहीं. शेवटल्या नियमाचें कारण त्यानें विचारलें, तें सांगावयाला मला पहिल्या चारांपेक्षां जास्त वेळ लागला. तो जत्रेला गेला, सांगितल्या वेळेला आला, आणि काय घेतलें तें न विचारतां सांगितलें : लिंबाच्या गोड सोड्यांत निम्मी बीअर. सूनबाई त्या रात्रीं जागीच होती. पुढल्या वर्षाचें पुढें.

माझ्या या नियमांना वैद्यकाचा आधार आहे असें कोणी समजूं नये. मद्य कर्करोगाला कारण होतें, हें जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें १९८८ सालींच ठरविलें, आणि थोडें मद्य सुरक्षित म्हणावें अशी कोणतीहि मात्रा नाहीं, असें त्या संघटनेनें २०२३ सालीं स्वच्छ सांगितलें. एक पेला हृदयाला हितकर असतो म्हणून आम्हांला कांहीं मित्र समजावीत असत; तो दिलासा आतां राहिला नाहीं. मी घेतों तो रुचीसाठीं, आणि त्याची किंमत आहे हें जाणून. खुद्द जर्मन लोकहि कमी पीत चालले आहेत : १९८० च्या सुमारास पश्चिम जर्मनींत माणशीं वर्षाला सुमारें १४५ लिटर बीअर खपे, आतां ती ९० लिटरांच्या आंत आली आहे. मद्यांश काढून टाकलेली बीअर तेथें प्रत्येक दुकानांत मिळते. तिच्यांत अर्ध्या टक्क्यापर्यंत मद्यांश असला तरी तिला निर्मद्य म्हणण्याची कायद्याची मुभा आहे, हें ज्यांना तेवढेंहि नको त्यांनीं ध्यानांत ठेवावें. चवीला ती पूर्वीपेक्षां पुष्कळ सुधारली आहे. सांगलीस परतल्यावर मी कांहींच घेत नाहीं. कोणाच्या धाकानें म्हणाल तर तसें नाहीं; तेथें सकाळीं उठून परसांतला बंब पेटविला कीं, मला हवा असलेला वास फुकट मिळतो.

हा लेख संपादकांकडे पाठविण्यापूर्वीं आमच्या दादांना वाचून दाखविणें भाग होतें. दादा एक्याऐशीं वर्षांचे, घराचे कर्ते. दूरध्वनीवरून सगळा वाचला. मामाचा मजकूर संपल्यावर पलीकडून बराच वेळ शब्द आला नाहीं. मग म्हणाले, "दोनदा मी त्याला टांग्यात घालून मागच्या दारानं आणला होता. आईला सांगितलं नव्हतं." मीं विचारलें, तेवढा भाग गाळूं काय? "नको. छाप," म्हणाले, आणि दूरध्वनि वहिनींकडे दिला. वहिनींनीं बाकी कशाविषयींच विचारलें नाहीं. त्या धुराच्या बीअरबरोबर भरीत खरोखरच करून पाहिलें काय, एवढेंच विचारलें. पाहिलें आहे. तिकडचीं वांगीं पाणचट असतात, निखारा मिळत नाहीं म्हणून तीं विजेच्या भट्टींत भाजावीं लागतात, आणि कांदा अंमळ जास्त घालावा लागतो.